दहाव्याचं नाव

कल्लुकोप्प, श्रावण वद्य पंचमी

अहो,

तुमचं पत्र पोचलं. पोस्टमन रामण्णा फाटकातूनच ओरडत आला, "अम्मा, काशीचं आलं, काशीचं!" हातातलं वाटण तसंच टाकून धावले. पाठशाळेची पोरंही जमली. विश्वंभरनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला थांबला. पत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "गाई बांधून येतो." गाई बांधलेल्याच होत्या.

घट फुटला तरी घटातलं आकाश फुटत नाही, असं लिहिलंत. धन्य आहे तुमची! न सांगता, न जेवता, खांद्याला झोळी लावून पहाटे घरातून निघून गेलेला माणूस बायकोला पहिलं पत्र लिहितो आणि त्यात काय, तर मडकं! पद्दू मडकं नव्हता हो. अकरा वर्षांचा पोरगा होता, पुढचे दोन दात मोठे, तोंड मिटून बसणं ज्याला ठाऊक नाही असा. तुंगा नदीनं त्याला नेलं आणि आंब्याच्या मुळांत अडकवून परत दिलं, तेव्हा त्याला उचलायला तुम्हीच वाकला होतात. तेव्हा नाही सुचलं आकाश?

मी पालथा घडा असेन. लग्न होऊन आले तेव्हापासून नारळ खवता खवता दाराआडून तुमचा वेदांत ऐकतेय, आणि कोरडीच राहिलेय. पण एक गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकलेली आहे. चंद्रासारखं मुख म्हटलं म्हणजे तोंडावर डाग आले असं नव्हे. दृष्टांत एकाच अंगानं घ्यायचा, सगळीकडून ओढायचा नाही. पोरांना शिकवलंत ना? मग माझ्याशी बोलताना कुठं गेलं ते?

आणि शेवटी, मीठ संपलंय ते आणून ठेव म्हणावं तशा सुरात, तुम्ही लिहिता की तुम्हाला संन्यास घ्यायचा आहे. तिथले स्वामी पत्नीच्या लेखी अनुमतीशिवाय देत नाहीत, म्हणून ती पाठवायची.

नाही पाठवत. आज तरी नाही.

गिरिजम्मा आली होती. पद्दूची आई. तेरावं झाल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडली म्हणे. येताना फणसाचे पापड घेऊन आली, त्याच्यासाठी पाठवायची तसेच, त्याच डब्यात. ओसरीवर बसली आणि म्हणाली, "अक्का, मला कुणी नीट सांगतच नाही. त्या संध्याकाळी घाटावर काय झालं? वर येताना पोरांना मोजलं नव्हतं का कुणी?"

मी म्हटलं, "गुरुजी आले की सांगतील."

"कधी येतायत?"

"येतील."

तुमच्यासाठी मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून या.

आपली,
नागवेणी


भाद्रपद शुद्ध षष्ठी

अहो,

या वेळी समुद्र आणि लाटा. वाचलं. लाट मोडली तरी पाणी कुठं जात नाही. बरं. पाण्याचं नाव निदान या घरात काढू नका.

गिरिजम्माला काय सांगितलंस, असं विचारलंत. काही सांगितलं नाही. सांगणार काय, मलाच कुठं माहीत होतं? पोरं माझ्यासमोर गप्प बसायची. काल गणपती पोचवायला घाटावर गेलो, तेव्हा धाकटा अच्युत पायरीवर बसला तो उठेना. रडत म्हणाला, "अम्मा, आम्ही ओरडलो म्हणून झालं." मग विश्वंभरला बाजूला घेतलं आणि सगळं वदवून घेतलं.

तो दहाव्याचा खेळ तुमचाच. नऊ पोरं आणि तुम्ही, मिळून दहा. तुम्हाला त्याचं काय कौतुक! दहा जण नदी उतरून गेले, पलीकडे जाऊन मोजायला लागले, जो तो स्वतःला सोडून मोजी, म्हणून नऊच भरत. एक वाहून गेला म्हणून सगळे ऊर बडवायला लागले. वाटेनं जाणारा शहाणा म्हणाला, अरे, दहावा तूच. ती गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा म्हणाले होते, "एवढंच ना? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" तुम्ही पोट धरून हसला होतात.

मग तुम्ही रोजचाच खेळ केलात त्याचा. संध्या आटोपून पायऱ्या चढताना तुम्ही स्वतःला सोडून मोजायचं, नऊ आले की कपाळावर हात मारून "एक गेला रे, एक गेला!" म्हणायचं, आणि पोरांनी घाट दणाणून सोडायचा, "दहावे तुम्हीच!" मला इथं चुलीपाशी ऐकू यायचं. ते ऐकलं की मी पानं मांडायला घ्यायची.

त्या दिवशीही ऐकू आलं. मी दहा पानं मांडली, मीठ वाढलं, लोणचं वाढलं. तुम्ही सगळे येऊन बसलात आणि पद्दूच्या पानावर कुणी बसलं नाही. मीच विचारलं, "पद्दू कुठाय?" तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही तांब्या हातात घेतलेले तसेच पळालात.

आता विश्वंभर काय म्हणाला ते लिहिते. पाणी चढत होतं. पद्दूचा चंबू हातातून सुटला आणि तो मागे राहिला, ते कुणी पाहिलं नाही. तुम्ही मात्र पाणी बघून त्या दिवशी खेळातलं नाही, खरंच मोजलंत. बोटानं एकेकाला, आणि शेवटी छातीवर हात ठेवून स्वतःला. तरीही नऊच. तुम्ही ओरडलात, "एक गेला!" विश्वंभर म्हणतो, आवाज रोजचा नव्हता. पण पोरांना काय, सवय! ती ओरडली, "दहावे तुम्हीच!" तुम्ही पुन्हा म्हणालात, "अरे, एक गेला." ती आणखी जोरात ओरडली. मग तुम्ही थांबलात. आणि हसलात.

का हसलात?

स्वतःला मोजलं होतंत की नव्हतं? विश्वंभर पोर आहे, त्याची पाहण्यात चूक झाली असेल. नव्हतं मोजलं म्हणालात तरी मी मानीन. पण लाटा न आणता लिहा.

पद्दूनं एकदा तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय? "गुरुजी, त्या दहाव्याचं नाव काय?" बाकीची पोरं खिदळली. तुम्ही म्हणालात, "दृष्टांतातल्या माणसाला नाव नसतं रे बाळा." तो आत येऊन मला म्हणाला, "अम्मा, नाव घेऊन हाक मारली असती तर लगेच कळलं असतं, नाही?" मी त्याला कढईतला पापड दिला आणि म्हटलं, शहाणाच आहेस, जा.

नागवेणी


भाद्रपद वद्य तृतीया

अहो,

इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, पण हे तुमचं पहिलं पत्र म्हणायला हवं. त्यात मडकं नाही, लाट नाही, दोर नाही, साप नाही. वाचत बसले आणि भात करपला. पोरांनी करपलेला भात ताकातली तंबळी ओतून निमूटपणे खाल्ला. एरवी केशव-माधवांनी घर डोक्यावर घेतलं असतं.

तुम्ही लिहिलंत ते मी इथं पुन्हा उतरवते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्ही पाहाल. हो, स्वतःला धरूनच मोजलं होतं. नऊच भरले, हे कळलं होतं. पण पोरं ओरडली, "दहावे तुम्हीच," आणि त्या क्षणी आत काहीतरी उघडलं. जे जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं ते पहिल्यांदा स्वतःला दिसलं. कुणी गेलेलंच नाही, काही कमी नाही, सगळं भरलेलं आहे असं दिसलं. असा आनंद कधीच झाला नव्हता. म्हणून हसलात. त्या आनंदातच पायऱ्या चढून, हातपाय धुऊन पानावर येऊन बसलात.

आणि तेवढ्या वेळात पद्दू बुडत होता.

आता विचारता की ते खोटं म्हणू की खरं? खोटं म्हणावं तर हाती काही उरत नाही, आणि खरं म्हणावं तर स्वतःचं तोंड बघवत नाही.

मला विचारता? अहो, जन्मभर पोथ्या उलटून तुम्हाला नाही सापडलं, ते नारळ खवणाऱ्या बाईला कुठून सापडायचं? खूप रागावायचं ठरवून बसले होते. मनात शिव्यासुद्धा जुळवल्या होत्या. पण तुमच्या अक्षराकडे बघितलं, ओळी तिरक्या झाल्यात, आणि रडूच आलं. पद्दूसाठी की तुमच्यासाठी, देव जाणे.

तुम्हाला दिसलं ते खरं असेलही. शिडी मोडकी असली म्हणून माळ्यावर चढलेला माणूस माळ्यावर नाही असं थोडंच आहे? बघा, मीही दृष्टांत द्यायला लागले! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या. पण माझ्या शिडीखाली पोर चिरडलेलं आहे, ते मला दिसतं. त्याचं काय करायचं ते तुमच्या शास्त्रात नाही, आणि माझ्या स्वयंपाकघरात तर नाहीच नाही.

एवढं मात्र कळतं. संन्यास घेतलात की तुम्ही स्वतःचं श्राद्ध स्वतः करणार. पुढं मागचं नाव नाही, गाव नाही, बायको नाही. मागच्या जन्माचं कुणी विचारलं तर बोलायचं नाही. म्हणजे गिरिजम्मा उद्या काशीला येऊन तुमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या पोराला मोजलं होतं का, तर उत्तर द्यायला माणूसच नसणार. ज्याला माहीत आहे तोच कायदेशीर मेलेला! छान सोय आहे.

म्हणून माझं ऐका. आधी इकडे या. एका दिवसासाठी या. तिच्या अंगणात बसा आणि जसं मला लिहिलंत तसं तिला सांगा. ती शिव्या देईल, झाडू मारील, मारू दे. मी तुमच्या शेजारी बसेन. मग परतीच्या गाडीत बसवून देताना मी अनुमतीवर सही करते. देवीची शपथ, त्यात मी आडकाठी करणार नाही.

प्रवासात पोटाला जपा. काशीचं तूप तुम्हाला सोसत नाही.

तुमचीच,
नागवेणी


सर्वपित्री अमावास्या

येत नाही म्हणता.

पाय उचलत नाही, कल्लुकोप्पच्या फाट्यावर उतरल्याचं स्वप्न पडलं तरी घाम फुटतो, तूच सांग तिला, तू बाई आहेस, तुला बोलता येईल. वा! उंटावरून शेळ्या हाकाव्यात त्या तुम्हीच. जगाला भिऊ नकोस म्हणून शिकवलंत, आणि एका सुपारी सोलणाऱ्या बाईसमोर उभं राहायला भिता?

खोडून टाकणार होते वरची ओळ. राहू दे.

आज श्राद्धाला पुरोहित शेषभट्ट आले होते. तुमच्या जागी विश्वंभरला बसवता येत नाही म्हणून तुमच्या चुलतभावाला बोलावलं. पानं वाढून झाल्यावर शेजारच्या भागीरथक्कानं, जिभेला हाड नाहीच, सगळ्यांसमोर विचारलं, "भट्टजी, अवधानी गुरुजींनी संन्यास घेतला तर आमच्या नागवेणीनं कुंकू ठेवायचं की पुसायचं?"

शेषभट्टांनी ढेकर दिली. "प्रश्न अवघड आहे. नवरा हयात, पण शास्त्रानं नाही. पोथीत बघावं लागेल."

"पोथीला कपाळ आहे का?" भागीरथक्का म्हणाली. "हिला आहे."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. मग कोठीत गेले आणि तांदळाच्या पिंपाला टेकून बराच वेळ उभी राहिले. तुम्ही मेलात तर मला रडता येईल. तुम्ही परत आलात तर भांडता येईल. हे असलं काय करायचं मी?

पोरं संध्याकाळी घाटावर जातात, मी बरोबर जाते. आता मोजत नाही आम्ही. मी नावं घेते आणि ज्याचं त्यानं "आहे" म्हणायचं. विश्वंभरपासून अच्युतपर्यंत. तुम्हाला हसू येईल. येऊ दे.

ना.


आश्विन वद्य द्वितीया

अहो,

हे शेवटचं "अहो". यापुढं या हाकेला ओ द्यायला कुणी नसणार, म्हणून जरा जपून लिहिलंय.

एकादशीचा मुहूर्त ठरला आणि स्वामी माझ्या पत्रासाठी थांबलेत, हे कळलं. अनुमती याच पाकिटात आहे, वेगळ्या कागदावर, नीट अक्षरात. पण आधी हे वाचा. नंतर वाचण्याचा तुम्हाला अधिकार राहणार नाही.

मी गिरिजम्माकडे गेले होते.

अंगणात सुपाऱ्यांचा ढीग पडला होता आणि ती विळीवर सोलत बसली होती. मला बघून उठली नाही. "गुरुजी नाही आले?" एवढंच म्हणाली.

"नाही येणार," मी म्हटलं. "मी सांगते."

सांगितलं. खेळ काय होता ते सांगितलं, पाणी चढलं होतं ते सांगितलं, चंबू सांगितला. तुम्ही छातीवर हात ठेवून मोजलंत ते सांगितलं. ती सोलतच होती. पोरं काय ओरडली तेही सांगितलं. आता विळी माझ्या अंगावर येते असं वाटलं. आली असती तर बरं झालं असतं.

तिचे हात थांबले. "एक गेला, असं म्हणाले ते?"

"हो."

"तोंडानं म्हणाले? मोठ्यानं?"

"दोनदा म्हणाले. विश्वंभर शेजारीच होता."

ती म्हणाली, "अक्का, मला वाटत होतं कुणाला पत्ताच नव्हता. पानं मांडेपर्यंत माझ्या पोराची कुणालाच आठवण झाली नाही असं वाटत होतं. रोज तेच डोक्यात. एवढ्या सगळ्यांत माझा एक नाही, आणि कुणाच्या ध्यानातसुद्धा नाही." पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. "म्हणजे झाली होती आठवण. कुणीतरी हाक दिली होती त्याच्या नावानं."

त्याच्या नावानं नव्हती दिली. मी तिला तसं म्हणाले नाही.

आणि तुमच्या आनंदाचंही सांगितलं नाही. ते तुमचं आहे, तुम्ही घेऊन जा. खरं असेल तर उजेड पाडेल, खोटं असेल तर जाळील. त्यात मी काही करू शकत नाही.

पण तुम्ही आला असतात तर तुम्हाला दिसलं असतं हो! तिला तुमचं ज्ञान नको होतं, तुमची माफीही नको होती. तिला तुमचा तो घाबरलेला आवाज हवा होता. त्या संध्याकाळी अख्ख्या घाटावर एकच माणूस खरं बोलला, ते तुम्ही. आणि पोरांनी तुमचीच गोष्ट तुम्हाला ऐकवली म्हणून तुम्ही ते खोटं धरलंत. एवढ्यासाठी काशी गाठलीत. रागानं नाही लिहीत. राग संपला. आता नुसती तुमची कीव येते, आणि ती रागाहून वाईट आहे, कारण रागावलेल्या बाईला निदान वाटत असतं की माणूस परत येईल.

अनुमती का दिली, ते सांगते. नाही म्हटलं तर तुम्ही येणार नाहीतच, तिथंच अर्धे मेलेले राहाल. आणि ओढून आणलं, तर या घरात दहा पानं मांडताना तुमच्याकडे बघायचं कसं, तेही मला माहीत नाही. दोन्हीकडून माझे हात रिकामे. मग निदान तुमचे तरी मोकळे असू देत.

एक मागणं आहे, पत्नी म्हणून शेवटचं. स्वतःचा पिंड ठेवाल त्याच्या आधी पद्दूच्या नावानं दोन थेंब पाणी सोडा. पद्मनाभ म्हणा, पूर्ण नाव. शास्त्रात बसत नसेल तरी म्हणा. माझ्या कुंकवाची काळजी नको. पोथीत सापडेपर्यंत लावत राहणार आहे.

गिरिजम्मा माझ्याबरोबर इथं आली, पद्दूची ट्रंक न्यायला. आत त्याचा पंचा होता, उंदरानं कुरतडलेलं गोष्टीचं पुस्तक होतं आणि त्यानं लपवून ठेवलेले पापड होते, मऊ पडलेले. तिनं त्यातला एक खाल्ला.

संध्याकाळी ती आमच्याबरोबर घाटावर आली. मी आपली नावं घेतली, पोरांनी "आहे, आहे" म्हटलं. वर निघणार एवढ्यात ती म्हणाली, "थांबा." आणि बोटानं मोजायला लागली. पोरं जागच्या जागी गोठली. अच्युतनं माझा हात घट्ट धरला. आठही पोरं मोजून झाली. मग तिनं माझ्या खांद्याला हात लावला, नऊ. मग स्वतःच्या छातीला.

"दहा," ती म्हणाली. पुन्हा सगळ्यांकडे बघितलं, कुणी दोनदा तर मोजलं गेलं नाही ना असं. "भरले की हो अक्का. दहा भरले."

तुंगा आता खाली उतरलीय, पायऱ्या दिसतात.

मग मी पुन्हा सगळी नावं घेतली, विश्वंभरपासून. अच्युतनंतर पद्दूचं घेतलं. आणि आम्ही सगळे थोडा वेळ थांबलो.

नागवेणी